पारावरचा बुधवार

माझ्या भावाला ज्याने मारलं त्याचं तोंड मला दर बुधवारी सकाळी अकराला बघायला लागायचं. आमच्याच देवळाच्या पारावर, काकीच्या हातातल्या मोबाईलमध्ये. तो तिला विचारायचा, जेवलीस का, गुडघा कसा आहे, आणि मी खालच्या पायरीवर मुठी आवळून उभा असायचो. तिथे उभं राहायची मला कुणी सक्ती केली नव्हती. तरी बुधवार आला की पाय तिकडेच वळायचे.

आमचं गाव आगरदांड्यापासून आत, खाडीच्या कडेला. मोबाईलची रेंज येते ती खाडीपलीकडच्या, दिघीच्या बाजूच्या टॉवरची, आणि ती गावात दोनच ठिकाणी सापडते. एक देवळाचा पार, दुसरं खाडीवरचं स्मशान. घरात, पडवीत, गोठ्यात नाव नको. आमच्याकडे माणसाला मेल्यावर फुल रेंज मिळते, अशी गावात थट्टा आहे. त्यामुळे जित्या माणसांनी पारावर यायचं. कुणाचा मुलगा मुंबईला, कुणाची लेक पनवेलला, कुणाचा जावई आखातात; सगळ्यांची तोंडं त्या पारावर बघायची आणि सगळ्यांचं बोलणं सगळ्यांनी ऐकायचं. कुणाच्या सुनेला कितवा महिना लागला हे तिच्या सासूआधी पारावरच्या म्हाताऱ्यांना कळतं.

काकी म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको. आमची दोन घरं एका अंगणात, दाराला दार. आमची आई गेली तेव्हा मी बारा वर्षांचा होतो आणि धाकटा भाऊ पाच वर्षांचा. आम्हा दोघांना काकीनेच वाढवलं. काका आणि माझे वडील पुढे लवकरच गेले. तिचा मुलगा धाकट्यापेक्षा वर्षानेच मोठा. दोघं एका ताटात जेवले, एका लंगोटीवर खाडीत पोहायला शिकले. गावात कुणी एकाला हाक मारली तर दोघं यायचे. तो मला दादा म्हणायचा, आणि खरं सांगायचं तर धाकट्यापेक्षा तोच माझं जास्त ऐकायचा.

त्याने धाकट्याला मारलं ते लावणी उरकल्यावर चौथ्या दिवशी, अमावस्येच्या उधाणाला. आमची शेती खाजणातली. खाडी आणि शेत यांच्यामध्ये मातीचा बंधारा, आणि बंधाऱ्याच्या पोटात उघाडी, म्हणजे एक लाकडी झडप. ओहोटीला शेतातलं जादा पाणी तिथून बाहेर सोडायचं आणि भरतीला झडप पडलेली पाहिजे, नाहीतर खारं पाणी आत येतं आणि भात जळतं. पण आमच्या लोकांना मासळीचा सोस. भरती चढताना झडप घटकाभर उचलून धरली की पाण्याबरोबर बोय, कोळंबी आत येते. मग झडप टाकायची आणि ओहोटीला तोंडाशी जाळं लावायचं. हे सगळे करतात आणि सगळे नाकबूल करतात. घटकाभराने झडप टाकली म्हणजे झालं.

त्या दिवशी झडप कुणी टाकली नाही. उघाडीला लागून चुलत भावाचं शेत, सखल. आमचं त्याच्यावर, उंचावर. दुपारनंतर तो शेतावर गेला तर चार दिवसांपूर्वी लावलेल्या भातावर गुडघाभर खारं पाणी. आणि उघाडीवर माझा धाकटा, झडपेला हात घालून उभा.

मी घरी जेवून झोपलो होतो. आरडाओरडा ऐकून पळत गेलो तेव्हा तिसरा वार बसत होता. हे मी दुसऱ्याकडून ऐकलेलं नाही, डोळ्यांनी बघितलंय. पहिला खांद्यावर बसला होता, दुसरा मानेवर. धाकटा चिखलात गुडघ्यांवर होता, एक हात अजून झडपेवर, आणि तिसऱ्या घावाला त्या हाताची तीन बोटं उडून पाण्यात पडली. तो ओरडत नव्हता. घशातून नुसता पाणी ओतल्यासारखा आवाज येत होता. चुलत भावाने कोयता टाकला, बांधावर बसला आणि माझ्याकडे बघून म्हणाला, "दादा, हे काय झालं माझ्या हातून."

मी तो कोयता उचलला. त्याच्या डोक्यात घालणारच होतो. चार जणांनी मला आडवा पाडला. त्यातल्या एकाच्या दंडाला मी इतका कडकडून चावलो की त्याला टाके घालायला तळा गावच्या दवाखान्यात न्यावं लागलं. तो अजून ती खूण दाखवतो. मी ओरडत होतो, सोडा, एकदाच मारू द्या. धाकटा तोवर संपला होता. त्याला मुलगी बघायला आम्ही पुढच्याच रविवारी जाणार होतो.

आता जे सांगतो ते मी पोलिसांना सांगितलं नाही, कोर्टात सांगितलं नाही, बायकोलाही सांगितलं नाही. उघाडी मी उचलली होती. मी कामाला जातो त्या कंपनीला सुट्टी होती, कोळंबी खायची हुक्की आली, दुपारी बाराच्या सुमाराला जाऊन मी झडप उचलली आणि खाली फळकुटाची टेकण दिली. घटकाभराने येऊन टाकतो म्हटलं. तेवढ्यात आठवलं की मुलगा पनवेलहून बोलणार होता. पारावर गेलो. तो व्हिडिओवर नवीन खोली दाखवत होता, हा पंखा, ही खिडकी, हा माझा पार्टनर. मी हसलो, दोन शिव्या घातल्या, घरी आलो, बायकोने वाढलं ते जेवलो आणि आडवा झालो. उघाडी डोक्यातून साफ गेली. धाकटा दुपारनंतर सहज तिकडे फिरकला असणार, त्याने माझं फळकूट ओळखलं असेल आणि झडप टाकायला वाकला. तेवढ्यात हा आला. कोण रे उघाडी उघडी ठेवणारा, म्हणून याने विचारलं आणि धाकटा म्हणाला, मीच ठेवली, काय करशील? हे चुलत भावाने कोर्टात सांगितलं. वकिलाने मला विचारलं, तुम्ही कुठे होता? मी म्हटलं, झोपलो होतो. खोटं बोललो नाही. पण त्या दिवसापासून घास तोंडात घेतला की मला पाण्यात पडलेली बोटं दिसतात.

पाप माझं होतं, राग मात्र माझा कुणाहीपेक्षा मोठा झाला. भावकी एक म्हणून सुतक एक. धाकट्याचं सुतक आम्हाला तसं काकीलाही आलं. तिच्या चुलीवर दहा दिवस फोडणी पडली नाही, आणि तिकडे लॉकअपमध्ये ज्याने मारलं त्यालाही त्याच्याच हातच्या मढ्याचं सुतक. काकी आमच्या ओट्याखाली येऊन बसायची, वर चढायची नाही. मी तिच्या अंगावर ताक फेकलं एकदा. म्हटलं, तुला कसलं गं सुतक, जा, पोराला कोयत्याला धार लावून दे. ती उठली, पदराने तोंड पुसलं आणि दुसऱ्या दिवशी परत त्याच जागी येऊन बसली.

त्याला जन्मठेप लागली आणि घाटावरच्या जेलात नेला. पहिली काही वर्षं काकी एसटीने जायची, तीन गाड्या बदलून, वर्षातून दोनदा. मग गुडघे गेले. तेव्हा अंगणवाडीच्या बाईंनी तिला सांगितलं की जेलातल्या माणसाशी आता मोबाईलवर तोंड बघून बोलता येतं, सरकारनेच सोय केलीय. त्यांनीच अर्ज भरला, आपल्या भाचीचा जुना मोबाईल आणून दिला, हिरवं बटण कुठलं ते शिकवलं. बुधवार, अकरा वाजता, पंधरा मिनिटं. आणि रेंज तर पारावरच. गावातल्या गावात खुनी परत आला, म्हणाना.

पहिल्या बुधवारी काकीला पडद्यात तो दिसला. ती पडद्यावरून बोट फिरवत राहिली, त्याच्या गालावरून फिरवावं तसं, आणि बोट लागून कॉल बंद पडला. मग पुढच्या बुधवारपर्यंत ती गावभर सांगत होती की तो वाळलाय, पण केस काळे आहेत.

गाव पेटलं. मी जवळच होतो फुंकर घालायला. व्हॉट्सॲपवर गावाचा ग्रुप आहे, त्यात कुणीतरी बातमी टाकली होती की कैद्यांना व्हिडिओ कॉल, कैद्यांना कॉम्प्युटरचे वर्ग. त्याखाली लोकांनी काय लिहावं? जेल आहे का लॉज? उद्या बायकापण पाठवा. गोळी घाला, तेवढीच जागा रिकामी होईल. मी लिहिलं, हात तोडा, म्हणजे बटणं दाबायला बोटंच उरणार नाहीत. धडाधड अंगठे आले. बोटं हा शब्द मी लिहिला होता हे माझ्या रात्री लक्षात आलं, पण पुसलं नाही.

सगळाच द्वेष होता असंही नाही. लोकांचं एक बोलणं मला तेव्हा पटायचं आणि आजही अर्धंमुर्धं पटतं. काकीने कौतुकाने सांगितलं होतं की तो तिथे कॉम्प्युटरवर टायपिंग शिकतो, साहेबांचे कागद काढून देतो. आमच्या शाळेतला कॉम्प्युटर तीन वर्षं कापडाखाली होता. पोरांनी त्याचा पडदा उजळलेला बघितला नव्हता. म्हणजे इथे पोरगं शिकवायचं तर आधी खून करायला सांगायचं का? असं गावकीच्या अध्यक्षांनी पारावर विचारलं, आणि लोक हसले. अध्यक्षांचा मुलगा आखातात. ते स्वतः रोज त्याच पारावर अर्धा तास व्हिडिओवर असायचे. काकी आली की ते म्हणायचे, ऊठ, आमचा कॉल यायचाय. ती उठून उन्हात उभी राहायची.

आणखी एक गोष्ट लोकांच्या डोळ्यांवर आली. काकी सुरुवातीची पाच-दहा मिनिटं मोठ्याने बोलायची. पण मी पायरीवर येऊन उभा राहिलो की ती मोबाईल तोंडाशी न्यायची आणि आवाज एकदम खाली आणायची. काय बोलते ते कळायचं नाही. लोक म्हणाले, तो आतून धमक्या पाठवतोय. कुणी म्हणालं, जमिनीचे कागद करतोय. माझी बायको एवढंच म्हणाली की शिक्षा त्याला झालीय, काकीला नाही झालेली. मी तिच्यावर ताट भिरकावलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते खोटं नाही. मला वाटायचं, ही माझ्याबद्दल बोलते.

भात कापणीला आलं होतं तेव्हाचा बुधवार. पार भरलेला होता, दुपारी गावकीची बैठक होती म्हणून माणसं सकाळपासून जमली होती. काकीने मोबाईल उंच धरला आणि हळूहळू गोल फिरवला. त्याला खाजण दाखवत होती. म्हणत होती, बघ, भात कसं आलंय बघ, उघाडी नवीन केली बघ. फिरवता फिरवता तो मोबाईल माझ्यावर आला. त्याचं तोंड थेट माझ्या तोंडासमोर. केस काळे नव्हते, पांढरे झाले होते. तो म्हणाला, "दादा हाय काय तिथं? आये, दादाला दे. मला बोलायचंय त्याच्याशी."

सगळा पार वळून माझ्याकडे बघायला लागला. माझ्या मनात एकच आलं, आता हा सगळ्यांदेखत उघाडीचं सांगणार. मी वर चढलो, काकीच्या हातातून मोबाईल हिसकला आणि पाराच्या दगडावर आपटला. एकदा, दोनदा, तीनदा. काच फुटली तरी आतून आवाज येत होता, दादा, दादा म्हणून. मी वरून टाच घातली. काकी माझा हात धरायला आली आणि मी तिला ढकललं. जोरात ढकललं, म्हातारी आहे हे माहीत असून ढकललं. ती पारावरून मागच्या मागे दगडी पायऱ्यांवर पडली आणि खुब्याचं हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुकं लाकूड मोडतं तसा.

लोक काय म्हणाले असतील? बरं केलंस, म्हणाले. एकाने पाठीवर थाप मारली. माझ्या हातात कोयता नव्हता एवढाच फरक, बाकी बांधावर बसलेल्या त्याच्यात आणि माझ्यात काहीच वेगळं नव्हतं. हे मला तेव्हाच कळलं. कळून मी काय केलं, तर बैठकीला जाऊन बसलो.

बैठकीत ठराव झाला. वाळीत टाकणं आता कायद्याने बंद आहे, त्यामुळे आमची गावकी तो शब्द काढत नाही. ‘सहकार्य नाही’ असं म्हणते. ठरलं की जेलातल्या माणसाशी बोलायला गावातल्या कुणी आपला मोबाईल द्यायचा नाही, आणि पारावरून तसलं बोलणं करायचं नाही. जो देईल त्याच्याशी सहकार्य नाही. अंगणवाडीच्या बाईंना निरोप गेला. हात वर करून मत घेतलं तेव्हा माझा हात पहिला वर गेला.

तळ्याच्या दवाखान्यात डॉक्टरांनी काकीला विचारलं, कशा पडलात? मी शेजारीच उभा होतो. पोलीस केस होते की काय म्हणून मी दाराकडे बघत होतो. ती म्हणाली, शेवाळ होतं पायरीवर, पाय सरकला. ऑपरेशन या वयात नको म्हणाले. तिला झोपवून घरी आणली ती परत उठली नाही.

चार महिने ती अंथरुणावर होती. माझी बायको तिचं सगळं करायची, पेज पाजायची, पाठ पुसायची, खालचंही काढायची. मी पडवीच्या खांबाला टेकून बसायचो. आत जायची हिंमत नव्हती. काकी दुसरं काही मागायची नाही. फक्त विचारायची, आज बुधवार काय गं? एकदा बायको विहिरीवर गेली होती तेव्हा तिने मला हाक मारून विचारलं, बाला, आज बुधवार काय? बुधवारच होता, साडेदहा झाले होते. मी म्हटलं, नाही काकी, मंगळवार. ती म्हणाली, मग उद्या. आणि पदराखाली हात घेऊन पडून राहिली.

मला नवीन मोबाईल आणता आला असता. मला तिला उचलून पारावर नेता आलं असतं. तिचं वजन तेव्हा भाताच्या भाऱ्याएवढंसुद्धा नव्हतं. गावकीला शिव्या घालायला मी कधी घाबरलो नाही. मी घाबरत होतो ते त्या पंधरा मिनिटांना. म्हणून म्हातारीचे सोळा बुधवार मी खाल्ले.

शिमग्याच्या आधी ती गेली, सकाळी, पेज पिता पिता. बायको बाहेर आली आणि म्हणाली, आटपलं. मग हळदीकुंकवाच्या डब्यातून तिने एक सिमकार्ड काढलं. मी मोबाईल फोडला त्या दिवशी तिने पाराच्या पायऱ्यांवर शोधून ते उचलून ठेवलं होतं आणि मला चार महिने कळू दिलं नव्हतं. म्हणाली, हे तुमच्या मोबाईलमध्ये घाला आणि पारावर जाऊन जेलात कळवा. मी गेलो. तिकडचे साहेब बरे होते. म्हणाले, सोडायला आज परवानगी मिळणार नाही, पोलीस बंदोबस्त लागतो, वेळ जातो. पण अग्नीच्या वेळी पंधरा मिनिटं व्हिडिओ देतो, याच नंबरवर.

अग्नी कुणी द्यायचा? पोटचा जेलात, दुसरा पुतण्या खाजणात संपलेला. भावकीत जवळचा मीच. डोक्यावरचे केस उतरवले, अंगावर ओलं धोतर, हातात विस्तवाचं मडकं, आणि कमरेला खोचलेला मोबाईल. आमच्यात अग्नी देणाऱ्याच्या अंगावर त्या वेळी सुताशिवाय काही नसतं. मोबाईल बघून माणसं एकमेकांकडे बघू लागली.

स्मशानात चिता रचून झाली, काकीला वर ठेवली, आणि कमरेशी मोबाईल वाजला. तिथे रेंज अशी की खणखणीत वाजला. अध्यक्ष पुढे आले. म्हणाले, ठराव झालाय, तुझाच हात पहिला होता. खुन्याला स्मशानात आणायचा नाही. मी म्हटलं, त्याची आई आहे. ते म्हणाले, मग तुझ्या भावाला मारताना त्याला आई आठवायची होती, आणि त्यांनी माझ्या कमरेला हात घातला.

मी मडकं खाली ठेवलं. तिरडीचा बांबू बाजूला काढून टाकला होता, तो उचलला आणि अध्यक्षांच्या तोंडावर घातला. दात पडले, एक का दोन बघितलं नाही. त्यांचा पुतण्या धावून आला, त्याच्या नडगीवर घातला. कुणीतरी मागून माझ्या बोडक्या डोक्यात दगड मारला, रक्त डोळ्यांत उतरलं. मी बांबू गरगर फिरवत चितेभोवती फिरलो, जनावरासारखा, आणि ओरडलो की जो पुढे येईल त्याला काकीच्या शेजारी ठेवीन. मला ओळखतात सगळे. कुणी पुढे आलं नाही. मोबाईल वाजतच होता. मी हिरवं बटण दाबलं आणि चितेसमोर धरला.

तो चितेकडे बघत राहिला. त्याच्या मागे एक शिपाई उभा होता, त्याने टोपी काढली. मी मोबाईल जवळ नेला, तिचं तोंड दाखवलं, हात दाखवले, पाय दाखवले. मग माझ्याच्याने राहवलं नाही. मोबाईल माझ्याकडे फिरवला. रक्ताने माखलेलं माझं तोंड बघून तो दचकला असावा. भावकी ऐकत होती, अध्यक्ष तोंडाला पंचा लावून ऐकत होते.

मी म्हटलं, "त्या दिवशी उघाडी मी ठेवली होती उघडी. धाकट्याने नाही."

तो म्हणाला, "म्हायती हाय, दादा."

तो सांगू लागला. दुपारी काकी शेतावरून घरी येत होती तेव्हा तिने मला झडपेखाली फळकूट लावताना बघितलं होतं; घटकाभराने मी टाकीन असं तिला वाटलं. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. कोर्टात माहीत होतं, माझ्या ओट्याखाली बसली तेव्हा माहीत होतं, मी ताक फेकलं तेव्हाही. बुधवारी आवाज खाली आणून ती त्याला हेच सांगायची, की दादाला बोलू नको, कळू देऊ नको. त्या दिवशी पारावर त्याने मला मागितलं ते हेच सांगायला, की मला कळलंय आणि माझ्या मनात तुझ्याबद्दल काही नाही, आता आईला सांभाळ.

"आय म्हणायची, एक गेला, एक आत हाय. मी वाढवलेल्या तिघांत हा एकच उरलाय, त्याला मोडू नको," तो म्हणाला.

मडकं उचलवेना. मी तसाच चितेशी बसलो, मोबाईल मांडीवर, आणि तोंड उघडं टाकून रडलो. किती वेळ ते माहीत नाही. मग मांडीवरून त्याचा आवाज आला, हळू, लहानपणी एखादं काम सांगायला यायचा तसा.

"दादा, पेटव. माझी पंधरा मिनिटं संपत आली."

मी उठलो आणि आग लावली. ज्वाळा वर येईपर्यंत मोबाईल उंच धरून ठेवला.